एक हॅशबोर्ड सारखा गायब होतोय, फर्मवेअर बदलून भागेल का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. अँटमायनर एस१९ प्रो हे बिटकॉइन मायनिंगचं मशीन दोन वर्षं बिनतक्रार चाललं. गेल्या दहा दिवसांपासून तिसरा हॅशबोर्ड, म्हणजे मायनिंगच्या चिप्स बसवलेली पाटी, अधूनमधून गायब होतो. मशीन आपोआप रीस्टार्ट होतं तेव्हा लॉगमध्ये त्या बोर्डाच्या ११४ पैकी ७८ चिप्सच सापडल्याची नोंद दिसते. रात्रभर बंद ठेवून सकाळी चालू केलं, की दोनेक तास सगळं सुरळीत, मग पुन्हा तेच. त्या दोन तासांतही त्याच बोर्डावर हार्डवेअर एररचा आकडा पूर्वीपेक्षा बराच चढा असतो, रिजेक्टही वाढलेत. ओळखीच्या एकाने चॅटवर फर्मवेअरची (मशीन चालवणाऱ्या आतल्या सॉफ्टवेअरची) फाइल पाठवून ‘ही टाक, ठीक होईल’ असं सांगितलंय. टाकावी का? की ब्रेन्स ओएससारखं पर्यायी फर्मवेअर घ्यावं?

ती फाइल टाकू नका. आणि हीच फाइल मूळ कंपनीच्या संकेतस्थळावरून घेतलेली असती, तरी या दुखण्यावर तो इलाज नाही, असं तुम्ही दिलेल्या लॉगवरून मी जवळजवळ खात्रीने सांगतो. का ते सविस्तर लिहितो. ‘आधी फर्मवेअर मारून बघ’ हा सल्ला या धंद्यात इतका सहज दिला जातो, की त्यापायी दुरुस्त होण्यासारखी मशीनं कायमची बंद पडलेली मी पाहिली आहेत.

आधी ७८ या आकड्याकडे बघा. एस१९ प्रोच्या एका बोर्डावर ११४ चिप्स असतात आणि त्या तीन-तीनच्या ३८ गटांत बसवलेल्या असतात. या गटाला दुरुस्तीवाले डोमेन म्हणतात. हे ३८ डोमेन विजेच्या दृष्टीने एकापुढे एक जोडलेले असतात. बोर्डाला मिळणारे तेरा-चौदा व्होल्ट त्यांच्यात वाटले जातात आणि एकेकाच्या वाट्याला जेमतेम ०.३५ व्होल्टच्या आसपास येतात. सिग्नलही असाच हातोहात जातो. तिन्ही हॅशबोर्डांना काम देणाऱ्या कंट्रोल बोर्डाचा हुकूम पहिल्या चिपला मिळतो, ती दुसरीला देते, दुसरी तिसरीला, असं करत तो शेवटच्या चिपपर्यंत पोचतो. उत्तरं त्याच साखळीतून उलट्या दिशेने परत येतात. म्हणून साखळी मध्येच तुटली, की तुटल्या जागेच्या अलीकडच्या चिप्सचीच हजेरी लागते. पहिल्याच चिपजवळ तुटली तर लॉगमध्ये शून्य चिप्स दिसतात. तुमच्याकडे ७८ दिसतात. ७८ म्हणजे बरोबर २६ डोमेन. याचा अर्थ गडबड २६व्या आणि २७व्या डोमेनच्या सांध्याजवळ आहे. ७८वी चिप, ७९वी चिप, त्यांच्यामधला सिग्नलचा मार्ग किंवा २७व्या डोमेनला मिळणारा व्होल्टेज, यांपैकी काहीतरी ढिलं पडलंय.

थंड असताना चालणं आणि तापल्यावर बंद पडणं ही तर सोल्डरला तडा गेल्याची नेहमीची खूण आहे. तापमान वाढलं की धातू प्रसरण पावतो आणि केसाएवढी फट उघडते. थंड झालं की फट मिटते आणि चिप पुन्हा ‘हजर’ म्हणते. ही फट कुठल्याही सॉफ्टवेअरने सांधता येत नाही.

मग ‘फर्मवेअर टाकल्यावर माझं मशीन सुरू झालं’ असं सांगणारे इतके लोक कसे भेटतात? ते खोटं बोलत नसतात. फर्मवेअर टाकताना हॅशिंग, म्हणजे चिप्सचं मायनिंगचं गणित, थांबतं, मशीन काही मिनिटं निवांत असतं, बोर्ड थंड होतात, मग चिप्सची नव्याने मोजणी होते आणि व्होल्टेज-फ्रीक्वेन्सीची जुळवाजुळव पहिल्यापासून होते. एवढ्यावर बोर्ड तात्पुरता परत येतो आणि श्रेय नव्या आवृत्तीला मिळतं. खरं-खोटं करायचं असेल तर एक साधी चाचणी आहे. काहीही न बदलता मशीन वीस मिनिटं पूर्ण बंद ठेवा आणि पुन्हा चालू करा. तेवढ्याने बोर्ड परतला, तर फर्मवेअर टाकून जे झालं असतं ते फर्मवेअर न टाकताच झालं. ही चाचणी तुम्ही नकळत रोज सकाळी करताच आहात.

याचा अर्थ फर्मवेअर निरुपयोगी असतं असं मुळीच नाही. काही दुखणी त्यानेच बरी होतात, आणि ती ओळखायची कशी हे कळण्यासाठी फर्मवेअर नेमकं काय करतं ते लक्षात घ्यावं लागेल. ते कंट्रोल बोर्डावर बसतं. पूलकडून (अनेकांची मशीनं एकत्र जोडून मायनिंग करणाऱ्या सेवेकडून) काम आणून चिप्समध्ये वाटणं, चिप्सकडून आलेलं प्रत्येक उत्तर स्वतः तपासणं, चिप्सची फ्रीक्वेन्सी आणि व्होल्टेज ठरवणं, पंख्यांचा वेग सांभाळणं, तापमान वाचणं, पॉवर सप्लायशी बोलणं ही त्याची कामं. म्हणजे जिथे दोन भागांचं आपसातलं बोलणं बिघडलेलं असतं, तिथे फर्मवेअर कामी येतं.

सगळ्यात नेहमीचं उदाहरण पॉवर सप्लायचं. एस१९च्या पिढीतला पॉवर सप्लाय नुसती वीज देत नाही. कंट्रोल बोर्ड त्याला ‘इतके व्होल्ट दे’ असं सांगतो आणि तोही आपल्या आवृत्तीचा क्रमांक कळवतो. जुना सप्लाय जळाला आणि जागी नव्या आवृत्तीचा बसवला, तर जुन्या फर्मवेअरला तो ओळखताच येत नाही आणि मशीन सुरूच होत नाही. इथे अपडेट हाच खरा इलाज. बदली हॅशबोर्ड वेगळ्या खेपेचा असेल तरी असंच होतं. बोर्डावरच्या छोट्या मेमरी चिपमध्ये त्याची माहिती साठवलेली असते आणि जुन्या फर्मवेअरला ती मांडणी वाचता येत नाही. नव्या पूलशी जोडणी सारखी तुटणं किंवा तापमान ठीक असूनही संरक्षण म्हणून मशीन बंद होणं, यांवरही नवी आवृत्ती कधीकधी उपाय ठरते. अचानक वीज जाऊन कंट्रोल बोर्डाच्या साठवणीतलं फर्मवेअर अर्धवट खराब झालं असेल, तर सेटिंग टिकत नाही, वेब पान उघडत नाही किंवा मशीन सुरू होऊन लगेच पुन्हा सुरू होत राहतं. अशा वेळी तीच आवृत्ती पुन्हा टाकली तरी पुरतं.

कधी फर्मवेअर दुरुस्तीपलीकडेही देऊन जातं. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये अँटमायनर बनवणाऱ्या बिटमेनने एस९ या जुन्या मॉडेलसाठी असिकबूस्ट (हॅशिंगमधलं काही गणित वाचवणारी युक्ती) चालू करणारं फर्मवेअर दिलं आणि त्याच जुन्या चिप्स त्याच कामाला कमी वीज घेऊ लागल्या. पण मर्यादाही तितकीच ठाम असते. इथेरियमच्या मायनिंगला तेव्हा कार्डाच्या मेमरीत ठेवावी लागणारी डॅग फाइल २०२० च्या अखेरीस ४ जीबीच्या पुढे गेली, तेव्हा ४ जीबी मेमरीची ग्राफिक्स कार्डं मागे पडली. सॉफ्टवेअरच्या क्लृप्त्यांनी त्यांचं आयुष्य थोडंफार लांबवता आलं, पण मेमरी काही वाढवता आली नाही.

आता हार्डवेअर एरर आणि रिजेक्ट यांतला फरक सांगतो, कारण तुम्ही दोन्ही आकडे एकाच तक्रारीत जोडलेत. चिपने काढलेलं उत्तर कंट्रोल बोर्ड आधी स्वतः पडताळतो. ते चुकीचं निघालं तर तो हार्डवेअर एरर, आणि ते उत्तर पूलपर्यंत जातच नाही. रिजेक्ट म्हणजे मशीनच्या लेखी बरोबर असलेलं उत्तर पूलने नाकारणं, बहुतेकदा उशिरा पोचल्यामुळे. रिजेक्ट वाढले असतील तर आधी नेटवर्क, मग पूलचा पत्ता, मग फर्मवेअर या क्रमाने बघा. हार्डवेअर एरर वाढले असतील तर उष्णता, व्होल्टेज, जास्त ठेवलेली फ्रीक्वेन्सी किंवा थकलेली चिप, हे संशयित. थोडे हार्डवेअर एरर धडधाकट मशीनवरही येतात, त्यांनी घाबरू नका. ते तिन्ही बोर्डांवर सारखे पसरलेत की एकाच बोर्डावर साचलेत, हे बघा. तुमच्याकडे एकाच बोर्डावर साचलेत, म्हणजे ही खूणही त्याच बोर्डाकडे बोट दाखवते.

तरीही मी फक्त लॉग वाचून निकाल देत नाही, तुम्हीही देऊ नका. बोर्ड, केबल आणि कंट्रोल बोर्ड यांतलं दोषी कोण, हे अदलाबदलीने कळतं. मशीन बंद करा, वीजजोडणी काढा आणि काही मिनिटं थांबा. पॉवर सप्लायमधले कपॅसिटर रिते व्हायला वेळ लागतो, तिथे घाई नको. मग दुसऱ्या आणि तिसऱ्या हॅशबोर्डाच्या १८ पिनांच्या रिबन केबल कंट्रोल बोर्डाच्या बाजूला एकमेकींच्या जागी लावा. चालू करून तापू द्या. तक्रार आता दुसऱ्या क्रमांकावर दिसू लागली, तर दोष बोर्डासोबत किंवा केबलसोबत सरकला. मग त्या बोर्डाला चांगल्या बोर्डाची केबल लावून बघा. तरी तक्रार त्याच बोर्डाची राहिली, तर बोर्डच आजारी. उलट, केबल बदलूनही तक्रार तिसऱ्या क्रमांकावरच चिकटून राहिली, तर कंट्रोल बोर्डाचा तो सॉकेट किंवा क्वचित फर्मवेअर. केवळ या शेवटच्या निकालात मी फर्मवेअरला हात लावेन. अदलाबदल करताना केबलची दोन्ही टोकं बघा. धूळ, हिरवट गंज किंवा वाकलेली पिन एवढ्याशा कारणानेही बोर्ड गायब होतो, आणि तसं निघालं तर फारसा खर्च न होता सुटका होते.

हे सगळं करून फर्मवेअर टाकायचंच ठरलं, तर ते कसं टाकावं याकडे येऊ.

फाइल कुठून आणावी, हा यातला सगळ्यात मोठा प्रश्न. चॅटवर, ओळखीच्याने, ‘अनलॉक केलेली’ म्हणून दिलेली फाइल कधीही नको, देणारा कितीही भला माणूस असला तरी. ती फाइल त्यालाही कुणीतरी दिलेलीच असते. २०१९ च्या जानेवारीत एचअँट नावाच्या खंडणीखोर व्हायरसची बातमी आली. तो प्रामुख्याने एस९ आणि त्या काळच्या इतर अँटमायनर मशीनांवर पसरला होता. ‘१० बिटकॉइन द्या किंवा व्हायरस पुढे पसरवा, नाहीतर पंखे बंद करून मशीन जाळून टाकू’ अशी धमकी तो पडद्यावर दाखवायचा. वेग वाढवून देणाऱ्या बदललेल्या फर्मवेअरमधून तो शिरत असल्याचा संशय होता. त्याहून छुपा प्रकार असा असतो, की फर्मवेअर दिवसातला काही वेळ तुमच्या मशीनची ताकद दुसऱ्याच्या वॉलेटकडे वळवतं आणि पडद्यावर मात्र सगळं ठीक दाखवतं. मूळ उत्पादकाच्या फर्मवेअरवरही डोळे मिटून विसंबू नये. २०१७ च्या एप्रिलमध्ये अँटब्लीड हे प्रकरण उघडकीस आलं. बिटमेनच्याच फर्मवेअरमध्ये मशीन दूरच्या सर्व्हरला ठरावीक काळाने विचारणा करत होतं आणि तिकडून आलेल्या उत्तरावर ते बंद पाडता येत होतं. कंपनीला तो भाग काढून नवी आवृत्ती द्यावी लागली. तेव्हा फाइल उत्पादकाच्या किंवा फर्मवेअर बनवणाऱ्यांच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच घ्या, सोबत शा-२५६ चेकसम (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा अक्षर-अंकांचा ठसा) दिलेला असेल तर तो आपल्या संगणकावर काढून अक्षर न् अक्षर जुळवा.

दुसरी अट म्हणजे फाइल तुमच्या कंट्रोल बोर्डाची असली पाहिजे, नुसती मॉडेलची असून चालत नाही. ही चूक अनुभवी माणसांकडूनही होते. एकाच एस१९ मालिकेत झिंक, बीगलबोन आणि ॲमलॉजिक अशा निरनिराळ्या प्रोसेसरचे कंट्रोल बोर्ड आलेत. बाहेरून मशीन सारखंच दिसतं. एकाचं फर्मवेअर दुसऱ्यावर चालत नाही. मशीनच्या माहितीच्या पानावर किंवा लॉगच्या सुरुवातीच्या ओळींत प्रोसेसरचं नाव मिळतं. तिथेही कळलं नाही तर झाकण उघडून बोर्डावर छापलेलं वाचा.

टाकण्याआधी पूलचा पत्ता, वर्करचं नाव (पूलवरची तुमच्या मशीनची ओळख), आयपी, पंख्यांची सेटिंग आणि सध्याच्या फर्मवेअरची आवृत्ती कागदावर उतरवा, संपूर्ण लॉगची प्रत जपून ठेवा. काही नव्या आवृत्त्यांवरून जुनीकडे परत जाता येत नाही, तेव्हा परतीची वाट आहे का ते आधी वाचा. संगणक वायरने जोडा, वाय-फायवर हे काम करू नका. ‘जुनी सेटिंग ठेवा’ असा पर्याय येतो. लहान अपडेट असेल तर ठेवा. पण आवृत्तीत मोठी उडी असेल तर मी सेटिंग पुसूनच टाकतो. जुनी सेटिंग नव्या फर्मवेअरला झेपली नाही, तर अशा तक्रारी येतात ज्यांचं मूळ शोधता शोधता दिवस जातो. सेटिंग पुसल्यावर आयपी बदलू शकतो, त्यामुळे मशीन सापडत नाही म्हणून ते मेलं असं समजू नका. पुढचं आयपी रिपोर्टचं बटण आणि उत्पादकाचं शोधण्याचं साधन यासाठीच असतं.

आणि त्या काही मिनिटांत वीज जाता कामा नये. काही वर्षांपूर्वी मी वीस मशीनांना एकदमच अपडेट सोडलं. वेळ वाचेल असं वाटलं होतं. अर्ध्यातच वीज गेली आणि परतल्यावर चार मशीनं उठलीच नाहीत. ती पुन्हा उभी करण्यात पुढचे तीन दिवस गेले. तेव्हापासून आधी एकच मशीन, तेही सगळ्यात धडधाकट. ते २४ तास चालू द्यायचं, पूलच्या पानावरची सरासरी बघायची, मगच पुढचं. मशीनच्या पडद्यावरचा आकडा पुरावा म्हणून धरायचा नाही. पूलला किती पोचलं, तोच खरा.

अपडेट फसून मशीन उठलंच नाही, तरी बहुधा ते वाचतं. एस९ आणि एस१९च्या झिंक बोर्डांवर एसडी कार्डाची खाच असते. कार्ड फॅट-३२ पद्धतीने फॉरमॅट करायचं, त्यावर उत्पादकाने दिलेल्या रिकव्हरी फाइली टाकायच्या, मशीन बंद असताना कार्ड बसवायचं आणि चालू करून दिवे ठरल्याप्रमाणे लुकलुकेपर्यंत थांबायचं. एस९वर त्याआधी बोर्डावरचा एक जंपर (दोन पिना जोडणारी छोटी टोपी) सरकवावा लागतो आणि काम झाल्यावर तो मूळ जागी आणायला विसरायचं नाही. ॲमलॉजिक बोर्डावर ही एसडीची वाट नसते, तिथे यूएसबी केबलने वेगळ्या साधनातून फर्मवेअर चढवतात. ते पहिल्यांदाच करत असाल तर जाणकार शेजारी बसवा.

नवं फर्मवेअर बसल्यावर पहिलं काम म्हणजे पासवर्ड बदलणं. कारखान्यातून आलेला पासवर्ड जगजाहीर असतो. मग पूलच्या तिन्ही रकान्यांतले पत्ते आणि वर्करचं नाव तपासा, दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासा.

ब्रेन्स ओएससारख्या पर्यायी फर्मवेअरबद्दलही तुम्ही विचारलंय. माझं मत चांगलं आहे, पण ते कशासाठी वापरायचं हे स्पष्ट असावं. ते प्रत्येक चिपची कुवत तपासून तिला झेपेल तेवढीच फ्रीक्वेन्सी देतं, त्यामुळे तेवढ्याच विजेत जास्त काम होतं. २०२४ च्या एप्रिलमध्ये एका ब्लॉकचं बक्षीस ३.१२५ बिटकॉइनवर आलं, तेव्हापासून जुन्या मशीनांच्या बाबतीत हा फरक चालवावं की बंद करावं इतका निर्णायक ठरू शकतो. मोबदल्यात बनवणारे बहुधा हॅशरेटचा, म्हणजे मशीनच्या मायनिंगच्या वेगाचा, थोडा वाटा घेतात, तो आधी वाचून घ्या. वॉरंटी शिल्लक असेल तर तिचं काय होतं, हेही. मात्र तडा गेलेल्या सोल्डरवर त्याचा उपयोग एवढाच, की फ्रीक्वेन्सी उतरवून बोर्ड कमी तापवला तर तो दोन तासांऐवजी काही दिवस टिकेल.

तुमच्या मशीनसाठी मी सांगेन ते असं. आज अदलाबदलीची चाचणी करा. बोर्डच दोषी निघाला तर त्याची केबल काढून ठेवा आणि उरलेल्या दोन बोर्डांवर मशीन चालतं का ते बघा. काही आवृत्त्या एक बोर्ड नसला की संपूर्ण मशीन थांबवतात, काही चालू देतात. चाललं तर सेकंदाला ११०ऐवजी साधारण ७३ टेराहॅश हॅशरेट मिळेल. आजारी बोर्ड मशीनमध्ये तापवत, थंड करत ठेवू नका. दर फेऱ्यात तो तडा वाढतो आणि आज एका सांध्याचं काम आहे ते उद्या आजूबाजूच्या चिप्सपर्यंत जातं. ओव्हनमध्ये भाजून किंवा हीटगन फिरवून सोल्डर ‘वितळवायचा’ घरगुती प्रयोग तर अजिबात नको.

दुरुस्ती करणाऱ्याकडे बोर्ड देताना लॉगची प्रत सोबत द्या आणि तीन गोष्टी लिहून चिकटवा : तापल्यावर ७८ चिप्स सापडतात, थंड असताना ११४, आणि केबल बदलून पाहिली आहे. त्याच्याकडे टेस्ट फिक्स्चर (बोर्ड मशीनबाहेर तपासण्याचं साधन) असेल, तर तो पहिल्या चिपपासून शोधत बसण्याऐवजी थेट २६व्या आणि २७व्या डोमेनवर मल्टीमीटर लावेल. त्याने थंड बोर्ड तपासून ‘काही बिघाड नाही’ म्हणून परत दिला, तर घेऊ नका, तापवून तपासायला सांगा.